पाण्याची भीती आणि निकालाची भीती

पत्र थोडक्यात असं: मुलुंडच्या एका वाचक भगिनी, वय ३८. फोर्टमध्ये खासगी कंपनीत नोकरी, घरी नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. ऑफिसच्या सहलीत कुंडलिका नदीवर कोलाडला राफ्टिंग केलं, तिथे कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, निमुळती बोट) चालवणारी मंडळी पाहिली आणि स्वतःही शिकायला घेतलं. आता बऱ्यापैकी हात बसलाय. प्रशिक्षकांचा आग्रह आहे की यंदा पावसाळ्यात केरळातल्या खुल्या स्पर्धेत स्लॅलमला, म्हणजे नदीवर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून (गेटमधून) कयाक नेण्याच्या शर्यतीला, हौशी गटात उतरा. फॉर्म भरायला महिना आहे. मध्यंतरी सरावात एका गेटपाशी कयाक उलटली. त्या लिहितात, "पूलमध्ये मला रोल, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं, जमतो, पण तिथे काही सुचायच्या आत मी बोटीबाहेर पडले. उभं राहायला गेले तर गुडघा खडकावर आपटला. तेव्हापासून कोलाडला जायच्या आदल्या रात्री झोप लागत नाही." सासूबाई म्हणतात, पाण्याशी खेळ नको. नवरा म्हणतो, तुझं तू बघ. त्या विचारतात, "या वयात शेवटून पहिली येण्यासाठी घरच्यांच्या जिवाला घोर लावणं हा स्वार्थीपणा नाही का? की पूर्ण तयारी होईपर्यंत थांबू?"

नमस्कार,

तुमच्या पत्राचा मोठा भाग घरच्यांविषयी आहे. सासूबाई काय म्हणाल्या, यजमान कसे गप्प बसले, मुलाने शाळेत आधीच सांगून टाकलंय. उलटल्याचा प्रसंग मात्र तुम्ही दोन ओळींत उरकलात. मला वाटतं, तुमच्या मनात दोन वेगवेगळ्या भीती आहेत. एक नदीची, दुसरी निकालाची. त्या तुम्ही एकत्र केल्यात आणि घरच्यांच्या नावावर टाकल्यात. त्या सुट्या केल्याशिवाय फॉर्म भरावा की नाही याचं उत्तर मिळणार नाही.

आधी नदीची. तुमच्या एका वाक्यापाशी मी थांबले: 'उभं राहायला गेले.' बोट उलटणं हा या खेळाचा भागच आहे. बाहेर पडून पोहत काठाला येणंही. पण वाहत्या पाण्यात, तळ लागतोय असं वाटलं तरी, पाय खाली टेकवायचे नसतात. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला पुढे ढकलतं आणि दाबून ठेवतं. कमरेएवढ्या पाण्यातही. तुमचा गुडघा फुटला, पाऊल अडकलं नाही, हे बरं झालं. पहिल्या धड्यात तुम्हाला सांगितलं असणार: पाठीवर व्हायचं, पावलं पाण्याच्या वर आणि प्रवाह जातो त्या दिशेला, काठ दिसला की पालथं होऊन जोर लावून पोहायचं. तुम्हाला ते ठाऊक होतं, पण घाबरल्यावर शरीर जुनीच सवय काढतं. म्हणजे काय शिकायचं राहिलंय ते आता तुम्हाला नेमकं कळलंय. रात्री झोप उडते त्यामागे हेच असावं. अशी भीती दडपू नका, तिचं ऐका.

रोलचंही तसंच. पूलमध्ये आपण श्वास भरून, वल्हं जागेवर धरून, मनाची तयारी करून उलटे होतो. नदी सांगून उलटवत नाही. नाकातोंडात पाणी गेलेलं असतं, वल्हं भलत्याच बाजूला असतं आणि एका सेकंदात हात बोटीबाहेर पडायला स्प्रे स्कर्टच्या (बोटीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती लावलेल्या आवरणाच्या) पट्ट्याकडे जातो. या दोन रोलच्या मधल्या पायऱ्या तुम्ही गाळल्यात. पूलमध्ये मैत्रिणीला सांगा, न कळवता मागून बोट उलटव. उलटल्यावर लगेच वर यायची घाई करू नका, मनात तीन-चार अंक मोजा आणि मग रोल करा. वल्हं मुद्दाम चुकीच्या जागी धरून उलटून पाहा. एका हातातून ते सुटलंय असं समजून पुन्हा पकड घ्या. हे अंगवळणी पडलं की कोलाडला रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या टप्प्याच्या, खालच्या शांत पाण्यात, मग एडीच्या (खडकाआड थांबलेल्या किंवा उलट्या वाहणाऱ्या पाण्याच्या) कडेवर, प्रशिक्षक शेजारी असताना स्वतःहून उलटा. याच्याइतकंच महत्त्वाचं, बोटीतून बाहेर पडून पोहण्याचाही मुद्दाम सराव करा. तुम्हाला पोहता येतं, पण तलावातलं पोहणं आणि रॅपिडमधलं पोहणं यांत फार अंतर आहे. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून सुरक्षित टप्प्यात बोटीशिवाय पाण्यात उतरा आणि पावलं वर ठेवून खाली वाहत या. इतक्यांदा करा की पुढच्या वेळी शरीराने हीच सवय काढावी.

आता गेटपाशी काय झालं ते पाहू. ज्या वाचकांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नदीवर आडव्या बांधलेल्या तारांवरून खांबांच्या जोड्या टांगलेल्या असतात. हिरव्या-पांढऱ्या जोडीतून प्रवाहाबरोबर जायचं, लाल-पांढऱ्या जोडीतून प्रवाहाच्या उलट दिशेने. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका शर्यतीत १८ ते २५ गेट असतात. खांबाला स्पर्श झाला की दोन सेकंदांचा दंड, गेट चुकलं की पन्नास सेकंदांचा.

तुम्ही उलटलात ते लाल गेटपाशी, हे लिहिलं नसतंत तरी ओळखता आलं असतं. लाल गेट बहुधा खडकाआडच्या एडीत असतं. तिथलं पाणी थांबलेलं किंवा किंचित उलटं, वर जाणारं असतं आणि शेजारून मुख्य प्रवाह सुसाट खाली जात असतो. दोघांच्या मधली रेघ दिसते, तिच्यावर बारीक बुडबुडे आणि लहानसे भोवरे फिरत असतात. बोटीचं नाक ती रेघ ओलांडून एडीत शिरलं की त्याला उलटं पाणी धरतं, मागचं टोक अजून प्रवाहात असतं आणि बोट गर्रकन फिरते. या क्षणी सायकल वळणावर आत कलते तसं बोटीला वळणाच्या आतल्या बाजूला कलवावं लागतं. नवख्या माणसाची नजर खांबावर असते. खांब खांद्याला लागेल म्हणून तो अंग बाहेर काढतो, बोट बाहेरच्या अंगाला कलते, पाणी कडेवर चढतं आणि एका क्षणात जग उलटं होतं. म्हणजे तुम्ही दोन सेकंद वाचवायला गेलात आणि बोट गमावलीत. पुढच्या वेळी खांब लागू द्या. एकाच गेटच्या खांबांना कितीही वेळा लागलं तरी त्या गेटचा स्पर्शाचा दंड दोनच सेकंद असतो. नजर खांबावरून काढून गेटमधून बाहेर पडल्यावर जिथे जायचंय तिथे ठेवा.

एक गोष्ट तुमच्या प्रशिक्षकांशी जरूर बोला. कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं, सकाळी ठरावीक वेळी येतं आणि रोज साधारण सारखंच असतं. मुंबईकरांवर या नदीचे उपकार आहेत, पण तिची सवय लागली की नदी अशीच असते असं वाटू लागतं. केरळातली ही स्पर्धा कोझिकोड जिल्ह्यात, कोडेनचेरीच्या परिसरात, चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या नद्यांवर होते. तिथे डोंगरावर रात्री पाऊस पडला की सकाळी नदी निराळी असते. पाणी गढूळ होतं, खडक झाकले जातात, फांद्या वाहत येतात. कोलाडला जी एडी तुम्ही डोळे मिटून पकडता तशी तिथे असेलच असं नाही. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी पोहोचून चालणार नाही. तीन-चार दिवस हाताशी ठेवा आणि तिथली नदी माहीत असलेल्या माणसाबरोबर आधी उतरा. या रजेचा हिशोब आजच मांडा, कारण रजा नसेल तर बाकीची चर्चा लांबवण्यात अर्थ नाही.

तुमच्या मनात असं दिसतं की रविवारचा सराव हा साधा छंद आणि स्पर्धा म्हणजे धोका. नदीच्या बाबतीत मला हे उलटं वाटतं. चांगल्या स्पर्धेत प्रत्येक अवघड टप्प्यावर थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोरीची पिशवी) घेतलेली माणसं उभी असतात, पाण्यात बचावाच्या बोटी असतात, वरून खाली सगळे तुमच्याकडे पाहत असतात. रविवारी तीन मित्र उतरतात तेव्हा यातलं काय असतं? स्पर्धेत धोका वाढतो तो एकाच कारणाने. घड्याळ आणि प्रेक्षक यांच्यामुळे माणूस एरवी सोडला असता तो प्रयत्न करतो. यावर उपाय आहे. कोणतं गेट सोडायचं हे आधीच ठरवून ठेवा. काठावरून पाहताना एखाद्या गेटखाली पाणी स्वतःकडेच परत वळताना दिसलं, किंवा तिथे उलटलं तर खाली पोहायला जागा नाही असं वाटलं, तर ते गेट तुमच्यासाठी नाही. पन्नास सेकंद देऊन टाका. हा निर्णय काठावर घ्यायचा. पाण्यात घेतलेला निर्णय बहुतेक वेळा अहंकार घेतो.

आता निकालाची भीती. 'शेवटून पहिली' हे शब्द तुमच्या पत्रात इतक्यांदा आलेत की माझ्या मते तुमचा खरा घोर हाच आहे. वयाचं म्हणाल तर टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या कयाक स्लॅलमचं रौप्य मिळवणारी स्पेनची माइआलेन चोर्राउत तेव्हा ३८ वर्षांची होती आणि एका मुलीची आई होती. तिच्यासारखं व्हा असं मी म्हणत नाही. तिच्यामागे आयुष्यभराचा सराव आहे, तुमच्यामागे चर्चगेट नि सीएसएमटीच्या गर्दीतून वाचवलेले रविवार. मला एवढंच म्हणायचंय की या खेळात ३८ हे वय अडचण म्हणून पुढे करता येत नाही. इथे ताकदीपेक्षा पाण्याचा प्रवाह ओळखण्याला जास्त किंमत आहे आणि ते वर्षांनीच येतं. त्याच शर्यतीत ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स पाण्यात सगळ्यात वेगवान होती, पण दोन खांबांना स्पर्श झाला, चार सेकंद वाढले आणि ती कांस्यपदकावर आली. सुवर्ण जर्मनीच्या रिकार्डा फुंकला मिळालं, एकही दंड न घेता. जगातल्या सर्वोत्तम बायकांचं हे होतं.

म्हणून तुमच्यासारख्या पहिल्यांदा उतरणाऱ्याने क्रमांकाचं ध्येय ठेवूच नये. क्रमांक बाकीच्यांवर अवलंबून असतो. 'बोटीत बसून शेवटच्या रेघेपर्यंत पोहोचणे' हे पहिलं ध्येय ठेवा, कारण बोटीबाहेर पडलात की ती फेरी तिथेच संपते. 'एकही गेट नकळत चुकणार नाही' हे दुसरं. हिशोब मांडून पाहा: पाच गेटना लागलात तर दहा सेकंद, एक गेट हुकलं तर पन्नास. सावकाश, खांबांना घासत, सगळी गेट पार करणारी बाई घाईत एक गेट हुकवणाऱ्या तरण्या मुलापेक्षा बऱ्याचदा पुढे राहते. खुल्या स्पर्धांत नियम आणि बोटीचे प्रकार थोडे वेगळे असू शकतात, तेव्हा आयोजकांना आधी विचारून घ्या. कयाक तिथे मिळते का, हेही. आणि मार्ग पाठ करा. मोठ्या स्पर्धांमध्ये मार्ग लावल्यावर त्यावर सराव करू देत नाहीत, म्हणून खेळाडू काठाकाठाने चालतात, मग डोळे मिटून उभे राहतात आणि हवेत हात फिरवत एकेक गेट मनात पार करतात. बघणाऱ्याला विचित्र वाटतं, पण हा सराव तुम्ही मुलुंड ते सीएसएमटी बसायला जागा मिळाली तर रोज करू शकता.

'पूर्ण तयारी होईपर्यंत थांबू का' असं विचारता. पूर्ण तयारी या खेळात कुणाचीच होत नाही, नदी रोज बदलते. पण किमान तयारी असते, आणि तिच्याशी तडजोड नको. माझ्या लेखी ती अशी: वाहत्या पाण्यात अचानक उलटल्यावर बहुतेक वेळा रोल व्हावा, न झाला तर न घाबरता बाहेर पडून पाय न टेकता काठ गाठता यावा, आणि दोन्ही बाजूंची एडी हवी तेव्हा पकडता यावी. खांदा दुखत नसावा. कयाकमध्ये कोपर डोक्याच्या वर गेलं आणि वल्ह्याला झटका बसला की खांदा निखळतो, तेव्हा कोपरं खाली ठेवायची सवय आत्ताच लावा. महिन्याभरात हे जमलं तर नाव द्या. यातली पहिली गोष्ट थोडी कच्ची राहिली पण दुसरी पक्की असली, तरी हौशी गटाच्या सोप्या टप्प्यात उतरायला माझी हरकत नाही. दुसरी कच्ची असेल तर यंदा नाव देऊ नका, प्रशिक्षक कितीही म्हणोत. तरीही तिथे जा मात्र. गेटवर पंचांना मदत करायला अशा स्पर्धांत माणसं लागतात. दिवसभर एकाच गेटसमोर उभं राहून पन्नास जण ते कसं पार करतात हे पाहिलंत तर वर्षभराच्या सरावाला पुरेल इतकं शिकाल.

मुंबईत सराव कुठे करणार, हाही तुमचा प्रश्न आहे. स्लॅलमचं अर्धं शिक्षण शांत पाण्यातच होतं. प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइप घ्या, दोन-दोन मीटरचे तुकडे करा, लाल आणि हिरवी चिकटपट्टी गुंडाळा आणि दोरीवर सव्वा ते दीड मीटर अंतराने टांगा, खालचं टोक पाण्याच्या वीतभर वर. हौशी क्लबांमध्ये असाच सराव चालतो. कर्जत-बदलापूरच्या बाजूला फार्महाऊसचे तलाव आणि खासगी पूल ठरवून मिळतात, चार-पाच जण मिळून खर्च वाटून घेता येतो. पवई तलावात उतरायचा मोह टाळा, तिथे मगरी आहेत आणि सांडपाणीही. पावसाळ्यात मिठी, दहिसर, पोयसर यांच्या फुगलेल्या पाण्यात 'मस्त रॅपिड झालाय' म्हणून उतरणारे व्हिडिओ फिरतात. ते पाणी लेप्टोचं घर आहे आणि त्यात काय वाहत येईल याचा नेम नाही. कुठल्याही नदीवरच्या छोट्या सरळ बंधाऱ्यावरून तर कधीही उडी घेऊ नका. त्याच्या पायथ्याशी पाणी गोल फिरत राहतं आणि लाइफ जॅकेट घातलेल्या माणसालाही सोडत नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांचं 'पाण्याशी खेळ नको' हे मागासलेपण समजू नका. दर पावसाळ्यात भुशी डॅमच्या नाहीतर कुठल्याशा धबधब्याच्या बातम्या त्या टीव्हीवर पाहतात. त्यांच्या डोळ्यांसमोर तेच पाणी आहे आणि त्यात हेल्मेट, थ्रो बॅग, प्रशिक्षक यांतलं काहीच नाही. वाद घालून हे चित्र बदलणार नाही. त्यांना आणि यजमानांना एका सकाळी कोलाडला घेऊन जा. पहाटे निघावं लागेल, पनवेल-पेण-नागोठणे करत पाणी सुटायच्या आत पोहोचायचं. त्यांच्यासमोर मुद्दाम उलटा आणि वर या. मग बोटीबाहेर पडा, आणि प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली यजमानांच्या हातात थ्रो बॅग द्या. दोरी तुमच्यापर्यंत कशी फेकायची, तुम्ही ती पकडल्यावर त्यांनी कसं बसायचं आणि झोल कसा घ्यायचा, हे त्यांनी एकदा केलं की 'तुझं तू बघ' म्हणणं त्यांना अवघड जाईल. माझा अंदाज आहे की त्या तीन शब्दांमागे त्यांचीही भीतीच आहे, फक्त ती कुठे ठेवायची हे त्यांना कळत नाहीये. आणि हा खेळ रिसॉर्टवरची मजा आहे असं त्यांना वाटत असेल तर सांगा की १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा झाला आणि १९९२ पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये होतोय.

स्वार्थीपणाचं विचारलंत. घरच्यांना न सांगता, विमा न पाहता, कच्च्या तयारीने उतरणं हा स्वार्थीपणा म्हणता येईल. स्वतःच्या आवडीसाठी महिन्याचे दोन रविवार मागणं हा नाही. तुमचे यजमान क्रिकेट खेळायला जातात तेव्हा हा शब्द घरात कुणी काढतं का? विम्याचं मात्र खरंच बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळांतली दुखापत वगळलेली असते, आणि फॉर्मवर सही करताना जबाबदारी तुमचीच असल्याचं लिहून घेतात. मुलाला पदकाचं बोलू नका, किती गेट पार करायची आहेत ते सांगा. त्याला मोजायला आवडेल.

याच वाटेवरच्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी आधी पोहायला शिकावं, मग कयाक. ज्यांच्या घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलं या खेळाकडे ओढली जातायत त्यांनी मध्य प्रदेशातल्या महेश्वरचं नाव लक्षात ठेवावं. नर्मदेवर सहस्रधारेला देशातल्या स्लॅलम स्पर्धा होतात, २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धेतलं स्लॅलम तिथेच झालं. सुट्टीत मुलांना तिथे स्पर्धा बघायला न्या, इंदूरहून रस्त्याने जाता येतं.

तुमच्याकडे महिना आहे. पहिले दोन आठवडे पूलमध्ये न सांगता उलटण्याचा सराव, मग दोन रविवार कोलाड, त्यातला एक घरच्यांसोबत. शेवटच्या रविवारी प्रशिक्षकांना सांगा की ज्या लाल गेटपाशी उलटले होते तेच पुन्हा लावा. खांब लागू दे, बोट आत कलू दे. त्या दिवशी संध्याकाळी परतताना गाडीत फॉर्म भरायचा की नाही ते ठरवा, आणि भरणार असाल तर आपत्कालीन संपर्काच्या रकान्यात यजमानांचं नाव त्यांना विचारून लिहा.